मोगल आणि दख्खनी दरबारातले किताब कसे वाचावेत: कागदातला माणूस ओळखण्याची पद्धत

१६३३ साली निजामशाहीकडून दौलताबाद घेणारा महाबतखान आणि १६७१ च्या सुमारास शिवाजी महाराजांविरुद्ध दख्खनेत पाठवलेला महाबतखान ही दोन वेगळी माणसं. पहिला जमानाबेग, तो १६३४ साली वारला. दुसरा त्याचाच मुलगा लहरास्प. कागदात मात्र दोघेही नुसते ‘महाबतखान’. खानजहानचंही तसंच. १६२९ साली शाहजहानविरुद्ध बंड करून निजामशाहीच्या आश्रयाला आलेला खानजहान म्हणजे पीरखान लोदी. पेडगावला छावणी टाकून बसलेला, ज्याच्यावरून तिथल्या किल्ल्याला बहादुरगड नाव पडलं, तो खानजहान म्हणजे मलिक हुसेन, औरंगजेबाचा दूधभाऊ.

मोगल, आदिलशाही, निजामशाही किंवा आसफजाही (हैदराबादच्या निजामांच्या) काळातलं काहीही वाचताना हा घोळ सतत होतो. कारण एकच: आपण किताबाला नाव समजतो. किताब म्हणजे दरबाराने दिलेली पदवी, आणि ती दरबारच्या मालकीची असे. धनी मेला, बडतर्फ झाला किंवा त्याला वरचा किताब मिळाला की जुना मोकळा होई आणि दुसऱ्याला दिला जाई. म्हणून माणूस नक्की करायला किताब, साल आणि तो देणारा या तीन गोष्टी एकत्र हाताशी लागतात.

आधी माळेचे तुकडे पाडा

समोर लांबलचक नाव आलं की ते सलग वाचू नका. कागदावर उभ्या रेघा मारून तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा यांपैकी काय आहे ते खाली लिहा: जन्मनाव, किताब, हुद्दा, मनसब (आकड्यांत सांगितलेला दरबारी दर्जा), मूळगाव किंवा घराणं, आणि निव्वळ आदरवाचक शब्द.

जन्मनावापुढे बहुधा मीर, मिर्झा, शेख, सय्यद, ख्वाजा असं काही असतं. त्यात मिर्झाची जागा बघावी लागते. नावाच्या मागे आला तर तो तैमूर घराण्यातला राजपुत्र, जसा कामरान मिर्झा. नावाच्या आधी आला तर प्रतिष्ठित घराण्यातला माणूस, जसा मिर्झा अबू तालिब, म्हणजे आपला शाहिस्तेखान. जयसिंगाला मिळालेला ‘मिर्झाराजे’ मात्र सबंध किताबच आहे.

मूळगाव किंवा घराणं ईकारान्त असतं: इस्फहानी, बुखारी, हैदराबादी, लोदी. हा तुकडा बखरकार आणि लेखनिक अनेकदा गाळतात. तो सापडला तर जपून ठेवा. एकच किताब असलेली दोन माणसं वेगळी करायला त्याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही.

हुद्दा म्हणजे प्रत्यक्ष काम: वजीर, मीरबक्षी, दिवाण, सुभेदार, किल्लेदार. हुद्दा काढून घेता येतो, आणि कधी तो नावाला एकाचा, वहिवाटीला दुसऱ्याचा असतो. १७८४ साली दुसऱ्या शाहआलमने वकील-इ-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी) हे पद पेशव्यांना दिलं आणि नायब म्हणून कारभार महादजी शिंद्यांकडे ठेवला. त्याची फर्मानं पुण्यात समारंभाने स्वीकारली गेली ती १७९२ साली. ‘महादजी वकील-इ-मुतलक झाले’ असं सरसकट लिहिलं जातं, ते या कारणाने अपुरं आहे.

नवाब, हजरत, जनाब यांवरून दर्जा ठरवू नका. मराठी पत्रांत ‘नबाब’ म्हणजे बहुतेक वेळा त्या प्रदेशातला त्या वेळचा बडा मुसलमान सरदार एवढंच.

शेपटीवरून वजन ओळखा

किताबाचा शेवटचा शब्द दर्जा सांगतो. आसफजाही हैदराबादेत ही चढण ठरीव झाली होती: खान, खानबहादूर, मग जंग, दौला, मुल्क, उमरा आणि सर्वांत वर जाह. एकाच माणसाला यातल्या अनेक पायऱ्या एकामागून एक मिळत आणि त्या सगळ्या नावात साठत जात. पहिल्या सालारजंगांचं उदाहरण घ्या. जन्मनाव मीर तुराबअली, किताब सालारजंग, शुजा-उद्-दौला, मुख्तार-उल-मुल्क. हे तीन इसम नव्हेत, एकाच माणसाची बढती आहे. मराठवाड्याचे जुने महसुली कागद पाहणाऱ्यांनी ही चढण पाठच करावी.

‘दौला’ हा शब्द बगदादेतून आला. ९४५ साली इराणी बुवैही घराण्यातल्या तीन भावांपैकी एकाने बगदाद घेतलं आणि खलिफाने त्यांना मुइज्ज-उद्-दौला, इमाद-उद्-दौला, रुक्न-उद्-दौला असे किताब दिले. तेव्हा ते राज्यकर्त्यांचे किताब होते. गझनीच्या महमूदला खलिफाकडून मिळालेला यमीन-उद्-दौला हाही त्याच तोलाचा. पुढे दर पिढीला किताब जास्त वाटले गेले आणि हलके होत गेले. अकबर ते औरंगजेब या काळात मोगल उमरावांची मोठी संख्या साध्या ‘अमुकखान’ घडणीच्या किताबांवर समाधानी होती. इतिमाद-उद्-दौला (नूरजहानचा बाप मिर्झा गियासबेग) किंवा यमीन-उद्-दौला (तिचा भाऊ आसफखान) असे अपवाद मोजके. १७०७ नंतर, विशेषतः मुहम्मदशाहाच्या काळात, दौला आणि मुल्क यांचा पाऊस पडला. त्यामुळे बिनतारखेच्या यादीत दौला-मुल्कवाले दाटीवाटीने दिसले तर ती यादी अठराव्या शतकातली असण्याचा संभव मोठा. हा पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करावा ते यावरून कळतं.

‘खान’ शब्दाचं वजन मुलखागणिक बदलतं. मंगोलांत खान म्हणजे खुद्द राजा. दिल्ली सलतनतीत तो उमरावांचा सर्वांत वरचा दर्जा, त्याखाली मलिक, त्याखाली अमीर. सलतनतीचा इतिहासकार बरनी याने नोंदलेला हिशेब असा: दहा स्वारांवर एक सरखेल, दहा सरखेलांवर सिपहसालार, दहांवर अमीर, दहा अमिरांवर मलिक, दहा मलिकांवर खान. गुणाकार केला तर एका खानाखाली १,००,००० स्वार येतात. इतकी फौज प्रत्येक खानाजवळ नसे. ही मांडणी आदर्शाची आहे, ती दर्जाचा क्रम समजण्यापुरती वापरा. सफवी इराणात तर खान वर आणि सुलतान खाली! तिथला ‘सुलतान’ म्हणजे लहान प्रांताचा किंवा टोळीचा अधिकारी असू शकतो. उस्मानी तुर्कांत पुन्हा वेगळं: राजपुत्राच्या नावाआधी सुलतान, राजकन्येच्या नावानंतर सुलतान. मिहरिमा सुलतान ही सुलेमानची मुलगी, स्वतः राज्य करणारी नव्हे.

राजाची माळ वेगळी सोडवा

दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिश याच्या चांदीच्या नाण्यावरचा मजकूर मराठीत उतरवला तर असा: ‘अस्-सुलतान अल्-आझम, शम्स-उद्-दुन्या व-द्-दीन, अबुल मुजफ्फर, इल्तुत्मिश, अस्-सुलतान’. पहिला तुकडा पदवी. दुसरा गौरवनाव, म्हणूनच आपण त्याला शम्सुद्दीन म्हणतो. तिसरा ‘अबुल’ने (‘अमुकचा बाप’) सुरू होणारा, तो खऱ्या मुलाचं नाव सांगत नाही, विजयाशी नातं जोडतो, आणि असे ‘अबुल मुजफ्फर’ डझनांनी सापडतात, म्हणून ओळखीसाठी तो सोडून द्यायचा. चौथा तुकडा खरं नाव. हीच कात्री औरंगजेबाला लावा: अबुल मुजफ्फर, मुहियुद्दीन, मुहम्मद औरंगजेब, बहादूर, आलमगीर, बादशाह, गाजी. यात ‘आलमगीर’ हे राज्यनाम.

नाण्यावर खलिफाचं नाव असेल तर त्यावरून काळ ठरवण्याच्या मोहात पडू नका. १२५८ साली मंगोलांनी बगदादचा खलिफा मुस्तअसिम याला मारलं, तरी दिल्लीच्या नाण्यांवर त्याचं नाव पुढची जवळजवळ चार दशकं, जलालुद्दीन खिलजीपर्यंत छापलं जात होतं. दिल्लीच्या सुलतानाला मान्यता देणारा कुणीतरी हवा होता, नवा खलिफा ठाऊक नव्हता, म्हणून जुनाच चालू राहिला.

राज्यनामं पुन्हापुन्हा येतात. मराठी इतिहासात यातून होणारी सर्वांत मोठी चूक ‘शाहआलम’ची. संभाजी महाराजांच्या काळात, १६८३-८४ साली कोकण-गोव्याच्या बाजूला मोठी फौज घेऊन उतरलेला शाहआलम म्हणजे शाहजादा मुअज्जम. तोच पुढे बहादूरशाह नावाने गादीवर आला. महादजींच्या काळातला शाहआलम म्हणजे अली गौहर. दोघांत शंभर वर्षांचं अंतर. यावरून दुसरीही गोष्ट लक्षात घ्या: नावात ‘शाह’ आहे म्हणजे तो गादीवर आहे असं नाही. खुर्रमला ‘शाहजहान’ हा किताब १६१७ साली दख्खनच्या मोहिमेनंतर बापाने दिला, राज्याभिषेक १६२८ साली झाला.

मेलेल्या बादशहाचं नाव फारसी लेखक सहसा घेत नाहीत, मरणोत्तर किताब वापरतात. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा:

फिरदौस-मकानी: बाबर
जन्नत-आशियानी: हुमायून
अर्श-आशियानी: अकबर
जन्नत-मकानी: जहांगीर
फिरदौस-आशियानी: शाहजहान
खुल्द-मकान: औरंगजेब
खुल्द-मंजिल: बहादूरशाह

मकानी आणि आशियानी यांची अदलाबदल झाली की बाबराच्या जागी शाहजहान येतो किंवा हुमायूनच्या जागी जहांगीर. भाषांतरित साधनांत ही चूक सर्रास दिसते. दुसरा फायदा काळ ठरवण्याचा: मजकुरात औरंगजेबाला खुल्द-मकान म्हटलं असेल तर तो मजकूर मार्च १७०७ नंतरचाच. राजस्त्रियांनाही हेच लागू. अकबराची आई हमीदाबानू ही मरियम-मकानी, जहांगीरची आई ही मरियम-उज्-जमानी. पहिली सासू, दुसरी सून.

लिहिणारा कोण आहे ते बघा

दख्खनच्या पाच शाह्यांपैकी चार घराण्यांची नावंच मुळात बहमनी दरबारचे किताब आहेत. मलिक हसन बहरी हा निजाम-उल-मुल्क, त्याचा मुलगा अहमद १४९० साली स्वतंत्र झाला आणि निजामशाह म्हणवू लागला. युसुफ आदिलखानापासून आदिलशाही, सुलतान कुली कुत्ब-उल-मुल्कपासून कुतुबशाही, फतहुल्ला इमाद-उल-मुल्कपासून इमादशाही. खान किंवा मुल्क काढून शाह लावला की उमरावाचा राजा झाला.

मोगलांना हा ‘शाह’ मान्य नव्हता. जहांगीर आपल्या आठवणींत विजापूरच्या सुलतानाला आदिलखान, गोवळकोंड्याच्या सुलतानाला कुत्ब-उल-मुल्क म्हणतो. म्हणजे मोगल साधनात आदिलखान दिसला तर विजापूरचा कुणी सरदार शोधत बसू नका, तो सिंहासनावरचा आदिलशाह आहे. उलट बाजूने, एखाद्या कागदात ‘शाह’ म्हटलंय की ‘खान’ यावरून लेखक कोणत्या बाजूचा हे कळतं.

अहमदनगरचा निजामशाह आणि हैदराबादचा निजाम यांचा काडीचा संबंध नाही, हे शालेय वयातच स्पष्ट करायला हवं असं वाटतं. पहिलं राज्य १६३६ पर्यंत संपलं. दुसरं १७२४ साली उभं राहिलं. दोघांत समान आहे तो निजाम-उल-मुल्क हा किताब, जो त्याआधी अकराव्या शतकात सेल्जुक तुर्कांच्या प्रसिद्ध वजिराचाही होता.

मनसबीचा आकडा फौजेचा आकडा समजू नका

मनसब दोन आकड्यांत सांगतात: जात आणि स्वार. जात म्हणजे दरबारातला वैयक्तिक दर्जा आणि पगार. स्वार म्हणजे ठेवायच्या घोडदळाचा हिशेब. ‘३००० जात, २००० स्वार’ असं असेल तर पहिला आकडा मानाचा. स्वार जातीइतके असतील तर त्या दर्जातली पहिली प्रत, निम्मे किंवा जास्त असतील तर दुसरी, निम्म्याहून कमी असतील तर तिसरी.

‘पंचहजारी सरदार पाच हजार घोडेस्वार घेऊन आला’ हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. शाहजहानच्या नियमाप्रमाणे जहागीर नेमणुकीच्याच सुभ्यात असेल तर स्वार आकड्याच्या तिसरा हिस्सा, बाहेरच्या सुभ्यात नेमणूक असेल तर चौथा, आणि बल्ख-बदख्शानच्या मोहिमेवर पाचवा हिस्सा प्रत्यक्ष हजर करावा लागे. ३००० स्वारांच्या मनसबदाराकडे अनुक्रमे १०००, ७५० आणि ६०० स्वारांची अपेक्षा. शिवाय ‘दु-अस्पा सिह-अस्पा’ अशी पुरवणी दिसली तर तेवढ्या भागाची जबाबदारी आणि पगार दुप्पट. ‘५००० स्वार, पैकी १००० दु-अस्पा सिह-अस्पा’ म्हणजे ४००० अधिक २०००, हिशेबाला ६०००. ही पद्धत जहांगीरच्या काळात आली, तेव्हा अकबरकालीन म्हणवणाऱ्या कागदात ती आढळली तर कागदाकडे संशयाने बघा.

जातीचा आकडा उघड्या दरबारात दिसे, कारण उभं राहण्याची रांग त्यावर ठरे. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. पुरंदरच्या तहाने पाच हजारी मनसब त्यांच्या लहान मुलाला, संभाजीराजांना, मिळालेली होती. अपमान किती मोठा होता ते या आकड्याशिवाय समजत नाही. पुढे १६८९ साली कैदेत आलेल्या बाल शाहूंना औरंगजेबाने ७००० जात, ७००० स्वार आणि राजा हा किताब दिला. सात वर्षांच्या मुलाकडून सात हजार घोड्यांची चाकरी अपेक्षित नव्हती, घराण्याचा दर्जा मान्य केला होता.

साल जुळवा

हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ११०० हिजरी: १०६७ अधिक ६२२, म्हणजे १६८९. एका वर्षाची चूक धरून चाला, कारण ११०० हिजरी १६८८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. मराठी कागदातला शुहूर सन अरबी अंकशब्दांत आणि एककापासून सुरू होतो: ‘तिसा खमसैन अलफ’ म्हणजे ९, ५०, १०००, मिळून १०५९. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवा. ‘सितैन अलफ’ म्हणजे १०६०. अफझलखानाचा वध त्याच सालातला, नोव्हेंबर १६५९ चा.

शिक्क्यावरचं साल ही वेगळी फसगत. उमरावाच्या मोहरेत त्याचा किताब, बादशहाचं नाव आणि साल असतं, पण ते मोहर कोरल्याचं साल. नवा किताब मिळाला किंवा नवा बादशहा आला की नवी मोहर कोरत. कागद त्या सालाचा किंवा नंतरचा, आधीचा नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग किताब कधी बदलला ते पडताळा. रायगडाला वेढा घालणारा इतिकादखान आणि जिंजीपुढे बसलेला जुल्फिकारखान नुसरतजंग एकच. मूळ नाव मुहम्मद इस्माईल, वजीर असदखानाचा मुलगा. रायगड घेतल्यावर त्याला नवा किताब मिळाला. संगमेश्वरला संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान म्हणजे शेख निजाम हैदराबादी. त्यानंतरच्या कागदांत त्याला ‘मुकर्रबखान’ म्हणून शोधाल तर सापडणार नाही, कारण तो खानजमान फत्तेजंग झाला होता.

मोडी वाचताना जवळच्या उच्चारांच्या जोड्या आधीच लिहून ठेवा. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळले जात नाहीत, त्यामुळे नुसरतजंग आणि नासिरजंग, जफरजंग आणि मुजफ्फरजंग, इतिकादखान आणि इतिमादखान एकमेकांत मिसळतात.

एक नाव शेवटपर्यंत सोडवून पाहू

‘नवाब निजाम-उल-मुल्क बहादूर फत्तेजंग आसफजाह’. तुकडे: नवाब आदरवाचक, सोडून द्या. बाकी सगळे किताब, जन्मनाव कुठेच नाही. ते मीर कमरुद्दीन. औरंगजेबाने दिलेला किताब चीनकिलीचखान. १७१३ साली फर्रुखसियरने निजाम-उल-मुल्क बहादूर फत्तेजंग केलं. १७२५ साली मुहम्मदशाहाने आसफजाह दिला. म्हणजे ही पूर्ण माळ असलेला कागद १७२५ नंतरचा. पालखेडला १७२८ साली बाजीरावांनी कोंडला तो आसफजाह, तर नुसता ‘चीनकिलीचखान’ लिहिलेला कागद औरंगजेबाच्या अखेरच्या काळाशी जुळवून बघावा.

इथे दोन सापळे आहेत. दिल्लीचा वजीर कमरुद्दीनखान हा दुसराच माणूस. निजामाचं कमरुद्दीन हे जन्मनाव, वजिराचा तो किताब, त्याचं मूळ नाव मीर मुहम्मद फाजिल. दोघेही १७४८ साली, काही महिन्यांच्या अंतराने वारले. दुसरा सापळा गाजीउद्दीनखान फिरोजजंग: हा किताब निजामाच्या वडिलांचा, मग निजामाच्या थोरल्या मुलाचा, मग त्या मुलाच्या मुलाचा. पहिला विजापूरच्या १६८६ च्या वेढ्यातला. दुसरा १७५२ साली औरंगाबादेत विषाने मेला. तिसरा, इमाद-उल-मुल्क, मराठ्यांच्या मदतीने दिल्लीत बादशहा बदलणारा. साल पाहिल्याशिवाय या तिघांना हात लावू नये.

विजापूरकडे अशीच जोडी रुस्तुमजमानची. १६३७-३८ च्या कर्नाटक मोहिमेत शहाजीराजांबरोबर असलेला रणदुल्लाखान हा बाप, आणि डिसेंबर १६५९ मध्ये पन्हाळ्याजवळ हरलेला त्याचा मुलगा. दोघांनाही तोच किताब.

ओळख पटवायला ‘मासिर-उल-उमरा’ हा मोगल उमरावांचा चरित्रकोश सर्वांत सोयीचा. तो अठराव्या शतकात दख्खनेतच रचला गेला. त्यातल्या नोंदी बहुधा किताबाच्या आद्याक्षराने लावलेल्या आहेत, म्हणून जन्मनावाने शोधू नका. एकाच किताबाखाली दोन-तीन नोंदी दिसल्या तर सगळ्या वाचा, बापाचं नाव आणि शेवटची नेमणूक ताडून मगच एक निवडा.

स्वतःच्या टिपणवहीत दर माणसाला एक पान द्या आणि शीर्षक जन्मनावाचं ठेवा. खाली रकाने: किताब, कुणी दिला, कधी, मनसब (जात/स्वार), हुद्दा व ठिकाण, मृत्यू. वहीच्या मागे किताबांची उलटी सूची करा: ‘महाबतखान: १६३४ पर्यंत जमानाबेग, नंतर लहरास्प’. लेख लिहिताना पहिल्या उल्लेखाला ‘शाहिस्तेखान (मिर्झा अबू तालिब)’ अशी जोडी द्या आणि पुढे त्या वेळी चालू असलेला किताबच वापरा. जन्मनाव सापडलंच नाही तर कंसात साल आणि ठिकाण लिहा. जवळचं वाटणारं दुसऱ्याचं नाव तिथे भरू नका.